एअर पिस्तुलाची साइट जुळवायला स्वस्तातलं कोणतं अवजार घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दहा मीटर एअर पिस्तूल खेळतो आणि सुट्टीच्या दिवशी रेंजवर नव्या मुलामुलींना साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, जुळवायला मदत करतो. पालक पिस्तुलावर लाखभर किंवा त्याहून जास्त खर्च करतात, पण साइटचा स्क्रू फिरवायला घरातला टेस्टर घेऊन येतात. त्या टेस्टरने खराब झालेले स्क्रू मी इतके पाहिलेत की हे सगळं एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं.

एअर पिस्तुलासाठी नेमकं काय काय लागतं?

चांगला बसणारा एक चपटा स्क्रूड्रायव्हर, मेट्रिक मापाच्या दोन-तीन अ‍ॅलन की (षटकोनी भोकाच्या स्क्रूसाठीच्या किल्ल्या), एक वही आणि एक पेन्सिल. बस्स. मॅच (स्पर्धेच्या) एअर पिस्तुलाच्या रिअर साइटला, म्हणजे डोळ्याकडच्या साइटला, दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करायला आणि एक डावी-उजवीकडे. काही पिस्तुलांत, रिअर साइटच्या ज्या खाचेतून नेम धरतात तिची रुंदी कमी-जास्त करायला तिसराही असतो. बहुतेक ठिकाणी या स्क्रूंच्या डोक्यावर चपट्या स्क्रूड्रायव्हरची खाच असते. काही मॉडेलांत वर-खालीचा स्क्रू बोटांनी फिरतो, तिथे अवजार लागतच नाही. फ्रंट साइटचं, म्हणजे नळीच्या तोंडाकडच्या साइटचं, पातं बदलायचं किंवा फिरवायचं असेल तर बहुतेकदा अ‍ॅलन की, कधी चपटा स्क्रूड्रायव्हर लागतो.

एवढं सामान पाचशे रुपयांच्या आत नीट येतं. ‘साइट टूल’ असं नाव छापलेली महागडी किट घेऊ नका. त्यातल्या वीस तुकड्यांपैकी अठरा तुमच्या पिस्तुलाला लागणारच नाहीत.

स्क्रूड्रायव्हर तो स्क्रूड्रायव्हर! कोणताही का चालत नाही?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं असतं, खाली निमुळतं आणि वर जाड. साइटच्या स्क्रूची खाच मात्र सरळ भिंतींची असते. पाचर सरळ खाचेत घातली की ती तळाला टेकतच नाही, वरच्या दोन कडांवर अडकून बसते. सगळा जोर त्या दोन बारीक कडांवर येतो. थोडं जास्त पिळलं की टोक वर उसळतं आणि खाचेची कड सोलून निघते. एकदा कड गेली की पुढच्या वेळी कोणताही स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि घसरताना साइटच्या पात्यावरही ओरखडा काढतो. काळ्या पात्यावर पडलेला पांढरा ओरखडा नेम धरताना उजेडात चमकतो, आणि डोळा नको तिथे जातो.

गनस्मिथ, म्हणजे बंदुका-पिस्तुलं दुरुस्त करणारे कारागीर, वापरतात त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाच्या दोन्ही बाजू खालच्या भागात समांतर घासलेल्या असतात. ते टोक खाचेत तळापर्यंत जातं आणि भिंतींना सपाट टेकतं. टोकाची जाडी खाचेएवढी आणि रुंदी स्क्रूच्या डोक्याएवढी हवी. डोक्यापेक्षा रुंद टोक बाजूच्या धातूला खरवडतं, अरुंद टोक खाच मधोमध कुरतडतं.

माझ्या हातून हे एकदा घडलं आहे. क्लबच्या पिस्तुलाचा डावी-उजवीचा स्क्रू मी बसत नसलेल्या टोकाने फिरवला आणि खाच गेली. बाहेरून स्क्रू येईपर्यंत कित्येक आठवडे ते पिस्तूल पडून राहिलं, आणि त्यावर सराव करणारी दोन मुलं तोवर आळीपाळीने दुसऱ्याच्या पिस्तुलावर खेळली. त्या मुलांचे आठवडे माझ्या घाईमुळे वाया गेले. तेव्हापासून टोक बसवून पाहिल्याशिवाय मी मनगट वळवत नाही.

मग योग्य माप ओळखायचं कसं?

वाहनांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फीलर गेज मिळतो. पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, प्रत्येक पट्टीवर जाडी कोरलेली. स्पार्क प्लगचं अंतर तपासायला मेकॅनिक तो वापरतात. त्यातल्या पट्ट्या एकेक करून स्क्रूच्या खाचेत घाला. जी न हलता बसेल तिची जाडी म्हणजे तुमच्या टोकाची जाडी. दोन पट्ट्या एकत्र बसल्या तर बेरीज करा. हाच गेज पुढे रिअर साइटच्या खाचेची रुंदी मोजायलाही उपयोगी पडतो.

आकडा वहीत लिहा आणि तो घेऊनच दुकानात जा. “पिस्तुलाचा स्क्रूड्रायव्हर द्या,” असं म्हटलंत तर दुकानदार गोंधळेल. “इतक्या जाडीचं, इतक्या रुंदीचं चपटं टोक,” म्हटलंत तर तो डबा काढून समोर ठेवेल.

कुठे घ्यावा? कोणत्या कंपनीचा?

मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला जा. हातअवजारांसाठी तिच्यासारखी गल्ली नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, सगळीकडे इंजिनिअरिंग हार्डवेअरची जुनी दुकानं आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या सेटचा फोटो छान असतो, पण टोक हातात धरून बघता येत नाही. या अवजारात तर टोकच सगळं काही आहे.

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या तपारियाचे बारीक चपटे स्क्रूड्रायव्हर बहुतेक हार्डवेअर दुकानांत असतात. शंभर-दोनशेच्या घरातला तुकडा आपल्या कामाला पुरतो. घड्याळजी वापरतात तो बारीक स्क्रूड्रायव्हरचा सेटही मी वापरून पाहिला आहे. रिअर साइटच्या हलक्या क्लिकसाठी (स्क्रू फिरवताना बोटाला जाणवणारा एकेक टप्पा) तो उत्तम, पण फ्रंट साइटचा घट्ट आवळलेला स्क्रू सोडवायला त्याची मूठ फार बारीक पडते. जोर लावला की टोक पिळवटतं.

अगदी स्वस्त सेटमध्ये, ज्यात तीस-तीस बिट्स असतात, पोलाद इतकं मऊ असतं की स्क्रूऐवजी टोकच वाकतं. ते एका अर्थी बरं, कारण स्क्रू वाचतो. पण वाकलेलं टोक तसंच वापरत राहिलात तर स्क्रूही जातो.

नेमक्या जाडीचं टोक मिळालं नाही तर?

घासून तयार करा. एक नंबर जाड टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि अवजारांना धार लावायच्या बारीक दगडावर, तेलाचे दोन थेंब टाकून, दोन्ही बाजू आळीपाळीने सपाट घासा. दर दहा-पंधरा फेऱ्यांनी खाचेत बसवून पाहा. दोन्ही बाजू सारख्याच घासल्या जातील याची काळजी घ्या, नाहीतर टोक तिरकं होईल. अर्धा तास लागतो. असं तयार केलेलं टोक तुमच्या पिस्तुलाला कुठल्याही तयार टोकापेक्षा नेमकं बसेल.

ग्राइंडर मात्र टाळा. टोक तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि ते मऊ होतं. ग्राइंडरशिवाय पर्यायच नसेल तर क्षणभर टेकवा, पाण्यात बुडवा, पुन्हा टेकवा.

अ‍ॅलन की कोणत्या मापाच्या?

१.५, २ आणि २.५ मिलिमीटर. बहुतेक काम एवढ्यात होतं. जुन्या डब्यातल्या इंची की वापरू नका. ३/३२ इंची की २.३८ मिमी भरते. २.५ च्या भोकात ती जाते, फिरतेही, आणि आतले कोपरे गोल करून टाकते. मापातला हा फरक डोळ्याला दिसत नाही, म्हणून की घेताना तिच्यावर मिमी लिहिलंय का ते बघा.

स्क्रू कधी फिरवायचा? माझ्या मुलाला दर पाच गोळ्यांनी फिरवावासा वाटतो.

त्याला थांबवा, प्रेमाने पण ठामपणे.

साइट ग्रुपची, म्हणजे टार्गेटवरच्या गोळ्यांच्या पुंजक्याची, जागा हलवते, ग्रुप लहान करत नाही. गोळ्या चारी दिशांना विखुरल्या असतील तर जुळवायला मध्यच नाही. कमीत कमी दहा गोळ्या एका कागदी टार्गेटवर, एकाच ग्रिपने, एकाच उंचीवर नेम धरून मारा. मग त्यांचा मध्य काढा. त्याच दिवशी पुन्हा दहा मारा. दोन्ही मध्य जवळजवळ एकाच ठिकाणी आले तरच स्क्रूला हात लावा.

आणखी एक. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या गोळ्या सतत खाली-डावीकडे जात असतील, तर बहुतेकदा ट्रिगर झटक्याने ओढला जातोय. तो दोष साइटने झाकलात तर ज्या गोळ्या चांगल्या सुटतील त्या वर-उजवीकडे जायला लागतील, आणि मुलाला वाटेल आपण बिघडलो. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून दहा गोळ्या कोचला मारायला सांगा. कोचचा ग्रुप मधे आला तर साइट ठीक आहे, काम ट्रिगरवर करायचं आहे. एक लक्षात ठेवा, दोन माणसांचे डोळे आणि ग्रिप वेगळे असतात, त्यामुळे थोडा फरक राहणारच.

किती फिरवायचं याचा काही हिशोब आहे का?

आहे, आणि तो एकदा समजला की अंदाजाने पिळणं बंद होतं.

फ्रंट आणि रिअर साइटमधलं अंतर मोजा. समजा ३२० मिमी भरलं. टार्गेट १० मीटरवर, म्हणजे १०,००० मिमीवर. १०,००० भागिले ३२० म्हणजे ३१ आणि थोडं वर. रिअर साइट ०.१ मिमी हलवली तर गोळी टार्गेटवर साधारण ३ मिमी सरकते. दहा मीटर पिस्तुलाच्या टार्गेटवर एका रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंतचं अंतर ८ मिमी असतं. म्हणजे एक रिंग सरकायला साइट पाव मिलिमीटर हलवायची. नखाच्या जाडीपेक्षाही कमी! म्हणूनच अवजार घसरणारं नको.

उदाहरण घ्या. ग्रुपचा मध्य १२ मिमी उजवीकडे आहे. १२ गुणिले ३२० भागिले १०,००० म्हणजे ०.३८ मिमी. एवढी रिअर साइट डावीकडे न्यायची. रिअर साइट नेहमी गोळी जिकडे न्यायची तिकडेच हलवायची, फ्रंट साइट त्याच्या उलट.

तुमच्या पिस्तुलाचा एक क्लिक म्हणजे किती मिलिमीटर, हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तरी स्वतः मोजा. दहा गोळ्या मारा, दहा क्लिक फिरवा, पुन्हा दहा मारा, दोन ग्रुपच्या मध्यांतलं अंतर दहाने भागा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

स्क्रूवर ‘एच’ आणि ‘टी’ अशी अक्षरं आहेत. कुठे फिरवू?

ही जर्मन अक्षरं आहेत. ‘एच’ म्हणजे होख, उंच. ‘टी’ म्हणजे टीफ, खाली. घोळ असा की अनेक जर्मन साइटवर त्याचा अर्थ “गोळी उंच लागत असेल तर इकडे फिरव” असा असतो, “इकडे फिरवलंस तर गोळी उंच जाईल” असा नव्हे. सगळ्या बनावटी सारख्या नाहीत. त्यामुळे वाद न घालता पाच क्लिक एकीकडे फिरवा, पाच गोळ्या मारा, ग्रुप कुठे गेला ते पाहा आणि पिस्तुलाच्या पेटीत आत चिठ्ठी चिकटवा: ‘घड्याळाच्या दिशेने = वर’ किंवा ‘= खाली’. मराठीत लिहा, मोठ्या अक्षरात. स्पर्धेच्या दिवशी डोकं चालत नाही.

क्लबचं पिस्तूल चार जण वापरतात. प्रत्येकाने पुन्हा पुन्हा जुळवायचं का?

आपल्याकडच्या बहुतेक नव्या खेळाडूंची परिस्थिती हीच आहे, आणि महागड्या किटच्या जाहिराती याबद्दल काहीच बोलत नाहीत.

दहा मीटरला बहुतेक खेळाडू नेम टार्गेटच्या मधल्या काळ्या वर्तुळात धरत नाहीत. तो खाली, पांढऱ्या भागात धरतात. काळ्या भागाचा व्यास ५९.५ मिमी आहे, म्हणजे मध्यापासून त्याची खालची कडच जवळपास ३० मिमी खाली. त्याच्याही खाली प्रत्येक जण थोडी वेगळी पांढरी फट सोडतो. एकीची फट बारीक, दुसऱ्याची जाड. साहजिकच प्रत्येकाची वर-खालीची जुळणी वेगळी.

आमच्याकडे आम्ही असं करतो. क्लबचं पिस्तूल एका ठरलेल्या जागी जुळवून ठेवतो, तिला ‘घर’ म्हणतो. रंगवायच्या बारीक ब्रशने स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर पांढरा ठिपका देतो. प्रत्येक मूल आपल्या वहीत लिहितं: घरापासून वर सहा, डावीकडे दोन. सत्र सुरू झालं की तेवढे क्लिक, संपलं की परत घरी. परत आणताना नेहमी घराच्या एकाच ठरलेल्या बाजूला दोन क्लिक पुढे जाऊन मागे या, म्हणजे शेवटचं वळण नेहमी एकाच दिशेने होतं आणि आट्यांमधली ढील मोजणीत येत नाही. स्क्रू शेवटपर्यंत आवळून तिथून क्लिक मोजायची पद्धत मी काही ठिकाणी पाहिली आहे, ती करू नका. आटे आणि स्प्रिंग दोन्हींवर ताण येतो.

या पद्धतीला ठिपक्यापुरता रंग आणि दहा रुपयांची वही लागते.

डिजिटल व्हर्निअर घ्यावा का? लेझर?

व्हर्निअर असला तर चांगलाच. साइटचं अंतर, पात्याची रुंदी, सगळं मोजता येतं. पण तो स्क्रूड्रायव्हरनंतर घ्या.

लेझर नको. नळीत घालायचा स्वस्त लेझर स्वतःच सरळ बसलेला असतो असं नाही, आणि तो तुमची ग्रिप, तुमचा डोळा, तुमची फट यांतलं काहीच जाणत नाही. स्पर्धेत तर पिस्तुलावर लेझर किंवा दुर्बीण चालतच नाही, उघड्या साइटच लागतात.

परदेशी व्हिडिओंत ‘साइट पुशर’ दाखवतात. तो मागवू का?

एअर पिस्तुलासाठी नाही. तो वेगळ्याच साइटसाठी असतो.

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लॉकसारख्या पिस्तुलांवर रिअर साइटला सहसा फिरवायचा स्क्रू नसतो. ती डव्हटेल (तळाला रुंद, वर अरुंद) खाचेत घट्ट ठोकून बसवलेली असते आणि डावी-उजवीकडे सरकवायची तर दाबूनच सरकवावी लागते. पुशर म्हणजे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) पकडून ठेवणारी चौकट आणि तिच्यात स्क्रूने पुढे सरकणारा एक ठोकळा. पितळी पंच आणि हातोडीनेही हे काम होतं, पण एका ठोक्यात साइट किती सरकेल याचा नेम नसतो. अशा पिस्तुलावर दोन साइटमधलं अंतर साधारण १६५ मिमी असतं. २५ यार्डांवर ०.१ मिमी म्हणजे जवळपास १४ मिमीचा फरक. पुशरच्या स्क्रूचे आटे १ मिमीच्या अंतराने असतील तर पाव फेरीतच ३५ मिमी. म्हणून तिथले जाणकार स्वस्त पुशर निवडताना आटे बारीक आहेत का, चौकट स्लाइडला सपाट धरते का आणि ठोकळ्याचं तोंड पितळेचं की पोलादाचं, हे तीन प्रश्न विचारतात. चौकट वाकणारी असेल तर साइट तिरकी दाबली जाते आणि खाचेची कड फाटते.

भारतात ९ मिमीचं पिस्तूल सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही, आणि ग्लॉकसाठी बनवलेला पुशर दुसऱ्या स्लाइडवर नीट बसेलच असं नाही. तुमच्याकडे परवान्याचं .३२ बोअर पिस्तूल असेल आणि साइट सरकवायची असेल, तर ते परवानाधारक गनस्मिथकडे न्या. शस्त्र कायदा, १९५९ नुसार शस्त्रदुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. तो आहे का, हे निःसंकोच विचारा.

पंचवीस मीटरच्या .२२ पिस्तुलाला काही वेगळं लागतं का?

अवजारं तीच. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं, तोही उघड्या साइटवरच खेळला जातो. साइटमधलं अंतर कमी, साधारण २२० मिमी धरा. ०.१ मिमी म्हणजे टार्गेटवर ११ मिमी. तिथे अचूक नेमाच्या टप्प्यात रिंगा २५ मिमीच्या अंतराने असतात, त्यामुळे इथेही पाव मिलिमीटरच्या आसपासच एक रिंग. .२२ ला धक्का असतो, म्हणून पात्याचे स्क्रू अधूनमधून घट्ट आहेत ना ते तपासा.

एअर पिस्तुलाला परवाना लागतो का?

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे नळी ४.५ मिमीपर्यंत आणि शक्ती २० जूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. मॅच एअर पिस्तुलं या मर्यादेच्या खूपच आत आहेत.

स्पर्धेत साइट फिरवता येते का? अवजार लेनवर ठेवता येतं?

दोन्ही चालतं. आधीच्या १५ मिनिटांत हव्या तेवढ्या साइटर गोळ्या, म्हणजे गुण न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या गोळ्या, मारता येतात, जुळवणी तेव्हाच उरका. मग ६० गोळ्या, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटांत. एकदा स्पर्धेची गोळी सुटली की साइटर बंद. म्हणून नेहमीच्या रेंजवरून पुण्याच्या बालेवाडीसारख्या मोठ्या हॉलमध्ये गेलात तर साइटरमध्येच प्रकाशाचा अंदाज घ्या. दिव्यांची दिशा बदलली की काळ्या पात्याची वरची कड वेगळी दिसते आणि ग्रुप एक-दोन क्लिकने सरकतो. तेवढंच फिरवा.

अवजार दोरीने पेटीला बांधून ठेवा. लेनवरून खाली पडलेला स्क्रूड्रायव्हर शोधताना मन विचलित होतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि मोलाची मिनिटं गेली. २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच दहा मीटर प्रकारात तिने कांस्य जिंकलं. पिस्तूल नेण्याआधी आदल्या दिवशी प्रत्येक स्क्रू बोटाने हलवून पाहायची सवय मी मुलांना लावतो ती म्हणूनच.

स्क्रू फिरवताना सुरक्षिततेचं काय?

पिस्तूल उघडा, पेलेट (एअर पिस्तुलाची गोळी) नाही याची खात्री करा, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घाला, तोंड टार्गेटकडे ठेवूनच टेबलावर टेकवा. हातात उचलून, तोंड शेजारच्या लेनकडे करून स्क्रू फिरवणारा खेळाडू दिसला की मी सत्र थांबवतो, मग तो कितीही जुना असो.

पावसाळ्यात अवजारं गंजतात. उपाय?

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा खरा त्रास आहे. टोक वापरून झालं की घामाचा हात लागलेला भाग पुसा, मशीन ऑइलचा हलका हात फिरवा, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या महिन्याकाठी बदला. साइटच्या स्क्रूवर मात्र तेल थेंबाने ओतू नका. काडीच्या टोकाला लागेल तेवढंच पुरे. जास्त झालं तर त्यात धूळ बसते आणि क्लिक जाणवेनासा होतो.